जेवायला येणारे डॉक्टर

आमचे हे धुळ्याला गेले होते, माझी औषधं आणायला, आणि दुपारच्या एसटीनं रिकाम्या हातांनी परत आले. दर महिन्याचा हा आमचा शिरस्ता. मी शाळेत असते, ह्यांचं धुळ्यात बियाण्याचं नाहीतर बँकेचं काहीतरी काम निघतंच, येताना दवाखान्यातून माझा दम्याचा पंप घेऊन येतात. त्या दिवशी मात्र ओट्यावरच बसून राहिले, पाणीसुद्धा मागितलं नाही. माझी जीभ मुळातच तिखट, त्यात नुकतीच शाळा सुटून आलेली. विसरलात ना, एक काम सांगितलं की तेवढंच नेमकं विसरायचं, मग शेतातलं कसं बरं सगळं लक्षात राहतं... मी सुरूच झाले. त्यांनी मला बोलू दिलं. माझं सगळं बोलून संपल्यावर हळू आवाजात म्हणाले, "दवाखाना बंद होता. नाना गेले."

मी घरात जाऊन बसले आणि रडले. अगदी पोटभर, हुंदके देऊन. आणि रडता रडताच माझ्या ध्यानात आलं की मला धाप लागलेली नाही. वाचणाऱ्यांना यात काही विशेष वाटणार नाही. पण दमेकऱ्याला विचारा, त्याला रडायचीही चोरी असते आणि हसायचीही. माझे आजोबा वारले तेव्हा मी भिंतीला टेकून नुसती बसले होते, कारण रडले असते तर लोकांनी आजोबांना सोडून मलाच उचलून न्यायची वेळ आली असती. नानांसाठी मी धड रडू शकले, तेही त्यांच्याच कृपेनं. आता या गोष्टीला काही आठवडे होऊन गेले, मन थोडं जाग्यावर आलं आहे, म्हणून लिहायला बसले.

धुळ्यात त्यांना आडनावानं कुणी विचारत नसे. स्टँडवर उतरून 'दम्याचे नाना' म्हटलं की रिक्षावाला पुढचं काही न विचारता गल्लीच्या तोंडाशी आणून सोडायचा. दोन खोल्यांचा दवाखाना, बाहेर लाकडी बाकं, आणि आतून येणारा नानांचा चढा आवाज. माणूस चिडका, हे आधीच सांगून टाकते. मेलेल्या माणसाबद्दल गोडगोडच लिहायचं म्हटलं तर ते नाना राहणारच नाहीत. पेशंटवर चिडत, पेशंटच्या नातेवाइकांवर त्याहून जास्त चिडत, आणि सगळ्यात जास्त चिडत ते 'सगळे उपाय करून झाले डॉक्टर' या वाक्यावर. "कुणाचे उपाय केले? शेजारणीच्या दम्याचे. तुझ्या दम्याला कुणी काही विचारलं का?" असं म्हणायचे. दमा हा एक रोग नाही, जितके दमेकरी तितके दमे, हे त्यांचं ठरलेलं बोलणं होतं. बाकावर बसलेल्या आम्हा सगळ्यांना ते पाठ झालं होतं.

मी त्यांच्याकडे पोचले ती चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास. आमचं गाव एरंडोलकडचं. लहानपणापासून माझी छाती वाजायची, पण वय वाढेल तसा आजार कमी व्हायचा सोडून वाढतच गेला. किती वैद्य झाले, किती अंगारे झाले, एका गावातल्या कुणाच्या पांढऱ्या पुड्यांनी तर मला बरंही वाटलं आणि तोंडही भाकरीसारखं सुजलं. तरी मी शिकले. बारावीला चांगले गुण पडले आणि जळगावला डी.एड.ला जागा मिळाली. आमच्या भावकीत मास्तरीण होणारी मी पहिलीच. जळगावला खोली घेऊन राहिले, पहिले काही महिने बरे गेले, कुरकुर होती पण निभत होतं. दिवाळीला घरी आले आणि जी आडवी झाले ती उठेचना. दोन वाक्यं सलग बोलता येईनात. सुट्टी संपली, मैत्रिणी गेल्या, मी घरीच. कॉलेजातून पत्र आलं की हजेरी कमी पडली तर जागा रद्द होईल. आबा, म्हणजे माझे वडील, ते पत्र खिशात घेऊन फिरायचे आणि माझ्यासमोर त्याचं नावही काढायचे नाहीत. गावात लोक म्हणू लागले, पोरीची जात, जीव राहिला तरी पुष्कळ झालं, शाळा कसली घेऊन बसलात. मला जीवही हवा होता आणि शाळाही हवी होती.

कुणीतरी नानांचं नाव सांगितलं आणि आबा मला पारोळ्यावरून धुळ्याला घेऊन गेले. मला वाटलं होतं, हे छातीला नळी लावतील, हूं म्हणतील, चिठ्ठी लिहितील. नानांनी नळी लावली ती सगळ्यात शेवटी. आधी विचारलं, सकाळी डोळा उघडल्यावर तुला काय दिसतं? मी म्हटलं, आढं. मग कुठे निजतेस, अंगावर काय घेतेस, चूल कुणाकडे, जळण कसलं, घरात बिडी कोण ओढतं, जास्त हसलीस तर काय होतं, डोकं दुखलं तर कुठली गोळी खातेस... आबांना म्हणाले, जरा चहा पिऊन या. आबा गेल्यावर मला विचारलं, पाळीच्या आधीच्या दिवसांत जास्त होतं का? मी शरमेनं खाली बघत मान हलवली. मला तोवर आईनंसुद्धा हे विचारलं नव्हतं. नंतर एका नळीत जोरात फुंकायला लावलं, त्यावरचा काटा कुठवर सरकतो ते बघितलं. त्या यंत्राला दवाखान्यात सगळे फुंकणीच म्हणायचे. माझा काटा जेमतेम हलला. नानांनी थोडी औषधं दिली, आणि आबा परत आल्यावर त्यांना म्हणाले, "हं, मग? कधी येऊ जेवायला?"

आबांना काही कळेना. बाकावरची मंडळी तोंड लपवून हसायला लागली. तेव्हा समजलं की ही नानांची रीतच आहे. ज्याचा दमा औषधाला दाद देत नाही त्याच्या घरी नाना स्वतःहून जेवायला जायचे. धुळ्यात त्यांना खादाड म्हणायचे लोक. कुणी म्हणे, डॉक्टर नाडी बघतात ते पेशंटच्या बायकोला भरीत कसं जमतं यावरून. त्यांनाही हे ठाऊक होतं आणि ते हसण्यावारी न्यायचे. पण ज्या काळात आणि ज्या गावांत ते जेवायला जात होते, त्यात ही साधी गोष्ट नव्हती. नाना बौद्ध घरातले. आमच्या गावातही एक-दोघांनी आबांना आडून विचारलंच, पंगतीला कोण येतंय म्हणे तुमच्या? आबा फारसे बोलणारे नव्हते. पण त्या दिवशी म्हणाले, माझ्या पोरीचा श्वास त्या माणसाच्या हातात आहे, मी त्यांच्या ताटाला ताट लावून बसणार. आणि बसले.

डॉक्टर जेवायला येणार म्हटल्यावर आमच्या घरात काय धांदल उडाली, काय सांगू! खान्देशी बाईच्या घरी पाहुणा येणार आणि घर जसंच्या तसं राहणार, हे कधी घडलंय का? आईनं चार दिवस आधीपासून कंबर कसली. भिंती झाडल्या, जमीन सारवली, गोधड्या नदीवर नेऊन धुतल्या, गुरं काकांच्या गोठ्यात बांधली. नाना आले ते एसटीनं, पायी चालत, धुळीनं भरलेल्या चपला दारात काढून. कळण्याची भाकरी, पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, ठेचा, वर कांद्याची पात. जेवले मात्र मनापासून, भरीत दोनदा मागून घेतलं. मग उठून त्यांचा खरा उद्योग सुरू झाला. माझी उशी उचलून हुंगली. गोधडी झटकून उजेडात धरली. चुलीच्या धुराला वाट कुठून आहे ते पाहिलं. पन्नाशीतला माणूस शिडी लावून माळ्यावर चढला, धान्याच्या कणग्यांत डोकावला. आई पदर तोंडाला लावून बघत होती, तिला वाटलं हे काही शोधायला आलेले पोलीसच की काय. त्यांना काहीसुद्धा सापडलं नाही. सापडणार कसं? आईनं सगळं लख्ख करून ठेवलं होतं. जाताना जरा घुश्श्यातच म्हणाले, असं घर असेल तर पोरगी आजारी का आहे तेच मला कळत नाही.

पुढच्या खेपेला आईही बरोबर आली. मी नानांना सांगितलं की तुम्ही आलात ते दिवस मला फार बरे गेले, तुम्ही गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा सुरू झालं. आई हात जोडून म्हणाली, तुमच्या पायगुणानंच. झालं! नाना असे काही भडकले की बाहेरचं बाक गप्प झालं. माझ्या पायाला कसला गुण आलाय, म्हणाले. मग एकदम थांबले. खुर्ची पुढे ओढली आणि आईला अगदी मऊ आवाजात विचारलं की मी येण्याआधी तुम्ही घरातून काय काय बाहेर काढलंत, आणि मी गेल्यावर काय काय परत आणलंत, ते आठवून सांगा. आई एकेक सांगत गेली. गुरं, जळण, जुनी पोती... आणि मग सहज, जशी काही ही सांगण्यासारखी गोष्टच नव्हती, म्हणाली, "पाहुना येनार व्हतात, म्हनीसन बठ्ठा कापूस दीरना घर टाका."

आमच्याकडे दिवाळीपासून कापूस घरात येतो. खरेदी केंद्रावर गाडी लागेपर्यंत, भाव बघेपर्यंत, मधल्या घरात पार आढ्यापर्यंत ढीग. ज्याचं घर कापसानं भरलेलं त्याच्याकडे लक्ष्मी. पोरं त्यात उड्या मारतात, म्हातारी माणसं त्याला पाठ टेकून बसतात. नानांनी मला शेतात जातेस का, वेचणीला जातेस का, हे विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं, कारण मी खरंच जात नव्हते. घरातल्या कापसाबद्दल त्यांनी विचारलं नाही. ते शहरात वाढलेले, आणि आम्ही सांगितलं नाही कारण घरात कापूस आहे हे काय सांगायचं, घरात भिंती आहेत असं कुणी सांगतं का? पाहुण्यासमोर पसारा नको म्हणून आईनं नेमका आजारच उचलून काकांच्या घरी ठेवला होता, आणि डॉक्टर गेल्यावर गाडीत भरून पुन्हा आणला होता.

पण खरं पुढेच आहे. नानांनी विचारलं, ही कापसापासून किती लांब निजते? आई म्हणाली, "लांब? पोरले थंडी बाधस ना, म्हनीसन तिले कापूसवरच निजाडतस." मला थंडी सोसत नाही म्हणून आई दर हिवाळ्यात माझं अंथरूण कापसाच्या ढिगावरच घालायची. घरातली सगळ्यात उबदार जागा माझी. भावांनी त्यावरून भांडणं केली होती आणि आईनं त्यांना हाकललं होतं.

नानांचं तोंड बघून आईला कळलं. शिकलेली नव्हती, पण आई होती. ती तिथंच खाली बसली आणि कपाळावर हात मारून घेऊ लागली, मीच माझ्या पोरीच्या जिवावर उठले म्हणून. मला वाटलं, आता हे चिडके नाना तिला काय काय बोलतील. नाना खुर्चीवरून उठले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. म्हणाले, "ताई, तुमच्या हातून चूक नाही झाली, माया झाली. ती तशीच राहू द्या. फक्त कापूस दुसऱ्या घरात ठेवा." मी आजवर पुष्कळ शहाणी माणसं पाहिली. पण दोषाच्या खाईतून माणसाला असं अलगद वर काढणारं बोलणं मी पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. आई पुढे जगली तोवर दर वर्षी त्यांच्याकडे पहिल्या तोडीची वांगी पाठवायची.

कापूस गेला आणि मी जळगावला परत गेले. जागा थोडक्यात वाचली. पण कापूस गेला म्हणजे दमा गेला, असं नाना कधीच म्हणाले नाहीत. हे तुझं एक दार बंद केलं, म्हणाले, बाकीची दारं अजून उघडी आहेत, थंडी आहे, पाळी आहे, सर्दी आहे. गोळ्या सुरू होत्या. त्या गोळ्यांनी छाती मोकळी व्हायची, पण हात थरथरायचे. एरवी मी चालवून घेतलं असतं. पण डी.एड.ला आमचे सरावपाठ असत, वर्गात उभं राहून फळ्यावर लिहायचं, मागे बाकावर बाई गुण द्यायला बसलेल्या. माझी अक्षरं फळ्यावर वाकडीतिकडी नाचायची. मी रडकुंडीला येऊन नानांना सांगितलं. दुसरा कुणी म्हणाला असता, जीव महत्त्वाचा की अक्षर? नाना म्हणाले, मास्तरणीचं अक्षर म्हणजे तिचा जीवच, गोळी बंद. आणि माझ्या हातात पंप दिला.

आता पंपाचं नाव ऐकून आमच्या घरात रडारडच व्हायची बाकी होती. त्या काळी पंप लागला म्हणजे माणूस संपला, अशी समजूत. त्यातून दोन पंप! एक धाप लागली तर घ्यायचा, आणि एक काही होत नसतानाही रोज ओढायचा. बरं असताना औषध घेणं हे आमच्या लोकांना पटतच नाही, भूक नसताना जेवण्यासारखं वाटतं. नाना व्याख्यान देत बसले नाहीत. म्हणाले, रोज वेणी घालतेस ना? मग वेणीला हात लावायच्या आधी पंप, नंतर चूळ भरायची, मग वेणी. तुझे केस मोकळे दिसले तर मी समजेन औषध चुकलंय. प्रत्येकाला ते असंच कुठल्या तरी रोजच्या गोष्टीला बांधून द्यायचे. नरडाण्याकडच्या एका शेतकऱ्याला म्हशीच्या धारेआधी, एका टेलरमास्तरांना पहाटेच्या नमाजाआधी. आणि एका निवृत्त हेडमास्तरांना तर औषध वाढवायच्या ऐवजी रात्रीचं जेवणच दिवस मावळायच्या आत करायला लावलं, खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा दिल्या. पोटातलं आम्ल वर येऊन त्यांची छाती बिघडायची म्हणे. हेडमास्तर बाकावर बसून कुरकुरायचे की मी दम्यासाठी आलो आणि हे माझी खाट तिरकी करतात. पण झोपायला लागले बिचारे.

त्या जेवणांमधलं एक त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. एका मोठ्या बागायतदाराच्या घरी गेले होते, त्याच्या सुनेचा दमा कशानं हटत नव्हता. जेवणाचं कुणी काढलं नाही, चहा आला, आणि नानांसाठी कप वेगळा आला, गोठ्यातल्या कोनाड्यातून काढून. नानांनी तो तोंडाजवळ नेला तर त्याला बुरशीचा वास. कप ठेवून ते सरळ त्या कोनाड्यापाशी गेले. भिंत आतून ओलीगच्च, आणि त्याच भिंतीला लागून पलीकडे सुनेची खोली. भिंत कोरडी करून घेतली, सुनेची खोली बदलली, तिला आराम पडला. "त्यांनी मला चांगला कप दिला असता तर ती पोरगी तशीच राहिली असती बघ," असं म्हणून नाना खो खो हसले. मला हसू आलं नाही. माझा संताप झाला, मी म्हटलं, तुम्ही तो कप तिथंच फोडायला हवा होता. तर म्हणाले, मी कपासाठी गेलो नव्हतो, तिच्यासाठी गेलो होतो.

मला नोकरी लागली, गुरुजी लोकांत उठबस सुरू झाली आणि स्थळं यायला लागली. तेव्हा घरात ठरलं की दम्याचं काही बोलायचं नाही. यात आबांना मी दोष देत नाही, अशा पोरींची लग्नं तशीच व्हायची. मीही मनातून तयार होते. पंप काय, ट्रंकेत तळाशी राहील, दार लावून ओढीन. एक स्थळ बघायला येणार आहे, हे नानांना सांगायला गेले तर त्यांनी पहिलंच विचारलं, सांगितलंस का त्यांना? मी नाही म्हटलं. नाना चिडले नाहीत, याचीच मला भीती वाटली. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "तुझ्यासारखीच एक होती. सासरी लपवून ठेवलं होतं. पाहुण्यांनी घर भरलेलं, तिला धाप लागली, आणि पंप काढायला खोली रिकामी मिळेना... पंप तिच्या कमरेलाच होता गं." त्यांनी चष्मा उचलून पुसायला घेतला. मग म्हणाले की तिच्या माहेरी मी जेवायला गेलो होतो, तिच्या सासरी नाही गेलो.

मला तेव्हा कळलं की हा माणूस एवढ्या हट्टानं घरोघरी जेवत का हिंडतो. धुळ्यातले लोक हसायचे, आणि हे आपल्या एका गेलेल्या पेशंट पोरीच्या पायी सगळ्यांच्या उशा हुंगत फिरत होते.

बघायला मंडळी आली ती ह्यांची आई, मामा आणि हे. चहा-पोहे झाले, नाव-गाव विचारून झालं. खरं सांगते, मला थोडी धाप लागली होती, पदराखाली हात पंपावर. एक मन म्हणे, आत जा. दुसरं मन म्हणे, त्या पोरीला आत जायला खोली मिळाली नव्हती. मी पंप काढला, हलवला आणि सगळ्यांसमोर ओढला. आबांचा चेहरा पांढराफटक पडला. मामा आणि हे एकमेकांकडे बघायला लागले. ह्यांच्या आईनं विचारलं, हे काय आहे बाई? मी सगळं सांगितलं, दमा आहे, जन्मभर राहणार आहे, रोज औषध आहे आणि औषध असलं की मी दिवसभर उभं राहून शिकवते. ती सगळी उठून गेली. आठ-दहा दिवस काही निरोप नाही. आबा माझ्याशी बोलेनात, आणि मी धुळ्याला जाऊन नानांवर तोंडसुख घेऊन आले की तुमच्यापायी माझं मोडलं. ते म्हणाले, मोडलं तर मोडलं, तू तर धड आहेस ना?

मग एके दिवशी सासूबाई एकट्याच आल्या. त्यांनी आईला विचारलं, तुमच्या पोरीला आमच्या घरात काय काय चालणार नाही ते आधी सांगा, म्हणजे तयारीला लागते. माझ्या आईनं त्यांचे हात धरले. लग्नाच्या आधी नाना ह्यांच्या घरी जेवायला गेले, सासूबाईंना घर मुळीच आवरू दिलं नाही आणि कापसासाठी मळ्यात वेगळी खोली बांधायला लावली. दिवस गेले तेव्हा गावभर सगळ्या म्हणाल्या, पंप सोड, पोटातल्याला बाधेल. नानांनी औषध सोडू दिलं नाही, म्हणाले, तुला श्वास मिळाला नाही तर त्याला कुठून मिळेल? माझी लेक आता माझ्याच शाळेत जाते, दिवसभर उड्या मारते, तिची छाती वाजत नाही.

गेल्या पंधरवड्यात धुळ्यात नानांच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाला. आम्ही दोघंही गेलो. सभागृह भरलं होतं, भिंतीला लागूनही माणसं उभी होती. एरंडोल, शिंदखेडा, सातपुड्याच्या पायथ्याची गावं... कुठून कुठून लोक आले होते. समोर नानांचा फोटो, मेणबत्त्या, हारांचे ढीग, आणि कुणीतरी भक्तिभावानं उदबत्त्यांचा जुडगाच्या जुडगा पेटवून ठेवलेला. धूर वर चढायला लागला. एका कोपऱ्यातून खोकला आला, मग दुसऱ्या कोपऱ्यातून, माझाही घसा खवखवायला लागला, पण उठणार कोण? श्रद्धांजलीची उदबत्ती कुणी विझवतं का? तेवढ्यात नानांच्या पत्नी उठल्या. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो. पांढऱ्या साडीतली ती थकलेली बाई सावकाश चालत पुढे गेली, तिनं सगळ्या उदबत्त्या उचलल्या आणि बाहेर नेऊन मातीत खुपसल्या. परत येऊन अक्का हारवाल्याला म्हणाल्या, "फुलंही बाहेर न्या. हे बठ्ठे त्यांचे पेशंट आहेत."

मग ज्याला गरज होती त्यानं पंप काढला. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं बंडीच्या खिशातून, माझ्या पुढच्या नव्या नवरीनं पर्समधून, सासूच्या शेजारी बसून. कुणी भिंतीकडे तोंड केलं नाही, कुणी पदर आड धरला नाही. थोडा वेळ तेवढाच फुस् फुस् आवाज होत राहिला. खिडक्या उघडल्या गेल्या. नंतर सगळे उभे राहिलो, दोन मिनिटं स्तब्ध. इतके सगळे दमेकरी एका खोलीत, दाटीवाटीनं, आणि कुणाचीही छाती वाजत नव्हती. वर पंखा फिरत होता, बाहेर रिक्षा जात होत्या... आणि आम्ही सगळे नुसते श्वास घेत होतो.